जन्मदर आणि शासकीय धोरण : मूल्यमापनाच्या रीतीचा एक चिकित्सक परामर्श

प्रस्तावना

कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम अधिकृतपणे हाती घेणारा भारत हा जगातील पहिला देश होय. हा कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला. नमुना नोंदणी योजनेनुसार १९७१ मध्ये देशाचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला तिच्या जननक्षम वयात सरासरीने होणाऱ्या अपत्यांची संख्या, ५.२ होता. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तो २.० इतका आढळला. कार्यक्रम राबवला गेला आणि जननदर उतरला, या दोन विधानांच्या मध्ये 'त्यामुळे' हा शब्द घालण्याचा मोह फार मोठा आहे. शासकीय अहवाल तो घालतात, पाठ्यपुस्तके घालतात आणि लोकसंख्येचे प्रकरण शिकवताना आपण अध्यापकही तो नकळत घालून मोकळे होतो. प्रस्तुत लेखात या एका शब्दाची तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

ही तपासणी निव्वळ शास्त्रीय कुतूहलापोटी नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आंध्र प्रदेशाच्या विधानसभेने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीसाठी असलेली दोन अपत्यांची अट रद्द केली. १९९४ पासून ही अट तेथे अमलात होती. त्याच सुमारास राज्याचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी जनतेला अधिक अपत्यांचा विचार करण्याचे जाहीर आवाहन केले. म्हणजे तीस वर्षे ज्या नळाची तोटी आवळली जात होती, तीच आता सैल करावयाची आहे. दोन्ही भूमिका परस्परविरोधी भासल्या तरी त्यांचे गृहीतक एकच आहे : जन्मदराचा नळ शासनाच्या हाती आहे. शेजारच्या महाराष्ट्रात त्या वेळी हीच अट कायम होती आणि तिच्यामुळे निवडून आलेल्या सदस्यांना पदे सोडावी लागत होती. जिच्या परिणामकारकतेचा पुरावा कोणी मागितला नाही, अशी अट नागरिकाचे पद काढून घेऊ शकते. म्हणून पुरावा मागणे अगत्याचे ठरते.

शस्त्रक्रियांची मोजणी आणि जन्मांची मोजणी

आपल्याकडील मूल्यमापनाचा पहिला आणि सर्वांत जुना दोष असा की, कार्यक्रमाने काय केले याची मोजदाद हीच कार्यक्रमाने काय साधले याची मोजदाद समजली जाते. किती शस्त्रक्रिया झाल्या, किती तांबी बसवल्या, किती गोळ्या वाटल्या, हे आकडे तालुक्यापासून दिल्लीपर्यंत चढत जातात. जन्मांचा आकडा मात्र वेगळ्या खात्याच्या वेगळ्या कागदावर असतो आणि हे दोन कागद क्वचितच एका टेबलावर येतात. पंजाबात १९५० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेला 'खन्ना अभ्यास' या दृष्टीने उद्बोधक आहे. गावकऱ्यांनी साधने सौजन्याने स्वीकारली आणि स्वीकृतीचे प्रमाण उत्तम म्हणून नोंदले गेले. जन्मदर मात्र त्या मानाने हलला नाही. महमूद ममदानी यांनी १९७२ च्या आपल्या पुस्तकात याच परिसरातील एका गावाच्या आधारे दाखवून दिले की, शेतीवर राबणाऱ्या कुटुंबाला मुले हवीच होती. दारात आलेल्या पाहुण्याला नकार देणे प्रशस्त न वाटल्याने त्यांनी गोळ्या ठेवून घेतल्या. ममदानींचे सर्वच विवेचन आज टिकेल असे नाही. पंजाबचा जननदर पुढे वेगाने खाली आला आणि तो शेतकरी कुटुंबांतही आला. परंतु साधन स्वीकारणे व मूल न होऊ देणे या दोन स्वतंत्र घटना आहेत, हा त्यांचा मूळ मुद्दा अबाधित राहतो.

या दोषाचे सर्वांत भीषण उदाहरण आणीबाणीचे आहे. १९७५-७६ मध्ये देशात सुमारे २६.७ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. १९७६-७७ मध्ये हा आकडा सुमारे ८२.६ लाखांवर गेला. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक अशा सर्वांनाच 'केस' आणण्याचे उद्दिष्ट लावून देण्यात आले होते. आमच्या आधीच्या पिढीतील कित्येक शिक्षकांना या शब्दाचा न्यायालयीन अर्थ नंतर आठवे. महाराष्ट्र तर एक पाऊल पुढे होता. तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक राज्याच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत. ज्या मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये स्वतःच्या हिमतीवर संततिनियमनाचे केंद्र काढले, त्याच मुंबईत पंचावन्न वर्षांनी हे विधेयक आले. कर्व्यांचा भर व्यक्तीच्या निवडीवर होता. विधेयकात निवडीला जागाच नव्हती.

या प्रचंड मोहिमेचा जन्मदरावर काय परिणाम झाला? नमुना नोंदणी योजनेनुसार दर हजार लोकसंख्येमागील जन्मदर १९७६ मध्ये ३४.४ होता, १९७७ मध्ये तो ३३.० झाला आणि १९७८ मध्ये ३३.३. त्यानंतर १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो ३३ ते ३४ यांच्या दरम्यान रेंगाळत राहिला. म्हणजे एका वर्षात ८२ लाखांवर शस्त्रक्रिया होऊनही हाती आली ती एका वर्षाची अल्पशी घट आणि त्यापाठोपाठ सात-आठ वर्षांची कोंडी. याची कारणे दुर्बोध नाहीत. उद्दिष्ट गाठण्याच्या घाईत ज्यांची कुटुंबे आधीच पूर्ण झाली होती अशांचा भरणा मोठा झाला, आणि ज्याला पाचवे मूल होणारच नव्हते त्याच्या शस्त्रक्रियेने पाचवा जन्म टळत नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. सक्तीमुळे कार्यक्रमावरील विश्वासच उडाला. १९७७-७८ मध्ये शस्त्रक्रियांची संख्या साडेनऊ लाखांच्या आसपास घसरली. या मोहिमेशी संबंधित मृत्यूंची शाह आयोगासमोर आलेली संख्या १,७७४ इतकी होती.

तथापि आणीबाणीचा परिणाम झालाच नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. परिणाम झाला, पण ज्या रकान्यात आपण पाहत होतो त्या रकान्यात तो नव्हता. १९७६-७७ मधील शस्त्रक्रियांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. मोहिमेनंतर पुरुष नसबंदी हा राजकीयदृष्ट्या स्फोटक विषय बनला आणि कार्यक्रमाचा सगळा भार स्त्रीच्या शरीराकडे वळला. पाचव्या पाहणीत देशातील सध्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुष नसबंदीवर विसंबलेल्या जोडप्यांचे प्रमाण ०.३ टक्के होते. महाराष्ट्रात तर सुमारे निम्म्या विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुषाची शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या अधिक सोपी व कमी जोखमीची असताना हे घडले. एप्रिल १९९६ मध्ये केंद्राने लक्ष्यांकांची पद्धत अधिकृतपणे रद्द केली, परंतु शिबिरांची सवय गेली नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एकाच शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया करण्यात आल्या आणि त्यांतील काही स्त्रिया दगावल्या. २०१६ मध्ये देविका बिस्वास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. धोरणाचे मूल्यमापन जन्मदराच्या एकाच रकान्यात केले तर यातील काहीच दिसत नाही.

दोन अपत्यांची अट : महाराष्ट्राचा पुरावा

आता ज्या अटीचा उल्लेख प्रारंभी केला तिच्याकडे वळू. राजस्थानने १९९२ मध्ये प्रथम ही अट आणली. पाठोपाठ हरियाणा, आंध्र प्रदेश, ओरिसा, मध्य प्रदेश आदी राज्ये आली. महाराष्ट्रात सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या तिसऱ्या अपत्यामुळे पंचायत राज संस्थांतील सदस्यत्व जाते, आणि २००५ च्या लहान कुटुंब प्रतिज्ञापन नियमांनी हीच कसोटी शासकीय सेवेतील प्रवेशालाही लावली. जावेद विरुद्ध हरियाणा राज्य या २००३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अट वैध ठरवली. न्यायालयापुढील प्रश्न अट घटनेच्या चौकटीत बसते काय हा होता. तिने जन्म कमी होतात काय, हा प्रश्न वेगळा आहे. निकालाचा दाखला देताना या दोहोंची गल्लत वारंवार होते.

अटीचे समर्थक महाराष्ट्राच्या आकड्यांकडे बोट दाखवतात. १९९८-९९ च्या दुसऱ्या पाहणीत राज्याचा जननदर २.५ होता, २००५-०६ च्या तिसऱ्या पाहणीत २.१ झाला. सात वर्षांत ०.४ ची घट, आणि मध्ये २००१! वरवर पाहता दावा बिनतोड आहे. पण त्याआधीची पाहणी उघडावी. १९९२-९३ मध्ये जननदर २.९ होता. म्हणजे अट येण्यापूर्वीच्या सहा वर्षांतही घट ०.४ चीच होती. उतार आधीपासून होता, आणि अटीनंतर तो अधिक तीव्र झाला असे आकडे सांगत नाहीत. शेजारच्या कर्नाटकात पंचायतींसाठी अशी अट नव्हती. तेथील जननदर १९९२-९३ मध्ये २.९ आणि २०१९-२१ मध्ये १.७ होता. महाराष्ट्राचा त्याच दोन पाहण्यांतील जननदर? २.९ आणि १.७. मध्य प्रदेशाने २००५ मध्ये पंचायतींपुरती अट मागे घेतली. त्यानंतर तेथे जन्मांचा पूर आला नाही. २००५-०६ मधील ३.१ वरून जननदर दहा वर्षांत २.३ वर आला.

येथेच थांबलो तर प्रस्तुत लेखकही ज्या दोषाबद्दल इतरांना दूषण देतो तोच करील. राज्याराज्यांच्या सरासऱ्या शेजारी ठेवल्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही आणि खोडलाही जात नाही. कर्नाटकाची घट अन्य कारणांनी झाली असेल. एस. अनुकृती आणि अभिषेक चक्रवर्ती या अर्थशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा अधिक काटेकोर अभ्यास केला आहे. निरनिराळ्या राज्यांत अट निरनिराळ्या वर्षी आली, या वस्तुस्थितीचा उपयोग करून त्यांनी अटीपूर्वीचे व नंतरचे जन्म, अट असलेली व नसलेली राज्ये, अशी दुहेरी तुलना केली. अटीमुळे तिसऱ्या अपत्याचे प्रमाण काही अंशी घटले, असे त्यांना आढळले. म्हणजे अट सर्वस्वी निष्प्रभ नव्हती, आणि हे मान्य करणे भाग आहे. मात्र त्याच अभ्यासात असेही आढळले की, ज्या उच्चवर्णीय कुटुंबांत पहिली मुलगी होती तेथे अटीनंतर जन्मलेल्या बालकांमध्ये मुलग्यांचे प्रमाण वाढले. दोनच संधी आहेत आणि पहिली 'वाया गेली' आहे, असे मानणाऱ्या कुटुंबाने दुसऱ्या वेळी काय केले असेल हे सांगावयास नको.

महाराष्ट्राच्या संदर्भात ही बाब विशेष अस्वस्थ करणारी आहे. गर्भलिंगचिकित्सेला आळा घालणारा देशातील पहिला कायदा १९८८ मध्ये याच राज्याने केला. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६ होती, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. ही सारी घसरण दोन अपत्यांच्या अटीच्या माथी मारता येणार नाही; १९९१ ते २००१ या दशकातील मोठी घसरण ती प्रत्यक्ष अमलात येण्यापूर्वीची आहे, आणि सोनोग्राफी यंत्रांचा प्रसार हे तिचे उघड कारण आहे. पण एक हात गर्भलिंगचिकित्सेवर बंदी घालतो आणि दुसरा हात तिची मागणी वाढवणारी अट घालतो, अशा शासनाच्या दोन धोरणांचे मूल्यमापन दोन स्वतंत्र खात्यांनी करावे आणि दोघांनीही आपापल्या यशाचे अहवाल द्यावेत, याला काय म्हणावे?

अटीचा भार कोणावर पडतो हेही पाहावयास हवे. निर्मला बुच यांनी पाच राज्यांतील पंचायतींच्या आधारे केलेला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत महत्त्वाचा आहे. पद वाचवण्यासाठी पत्नीला सोडून देणे, गर्भपात, मूल दुसऱ्याच्या नावे दाखवणे, जन्माची नोंदच न करणे असे प्रकार त्यांना आढळले. अपात्र ठरलेल्यांत दलित, आदिवासी व इतर मागास समाजांतील सदस्यांचे प्रमाण लक्षणीय होते. स्त्रियांना आरक्षण देऊन पंचायतीत आणावयाचे आणि अपत्यसंख्येचा निर्णय जिच्या हाती बहुधा नसतो तिलाच त्या निर्णयासाठी बाहेर काढावयाचे, ही विसंगती जन्मदराच्या कोणत्याही आकड्यात उमटत नाही.

चीन, केरळ, रुमानिया

सक्तीची बाजू मांडताना चीनचे उदाहरण अटळपणे पुढे येते, म्हणून त्याचा संक्षेपाने विचार करू. चीनचा जननदर १९७० मध्ये सुमारे ५.८ होता. एका अपत्याचे धोरण १९७९-८० मध्ये आले, तेव्हा तो आधीच पावणेतीनच्या आसपास उतरला होता. ही उतरण 'उशिरा, अंतराने, थोडी' या १९७० च्या दशकातील मोहिमेच्या काळातील आहे. ती मोहीमही दडपणमुक्त नव्हती, परंतु तिचे श्रेय नंतरच्या धोरणाला देणे हा कालविपर्यास होय. या धोरणाने ४० कोटी जन्म टाळले, हा चिनी शासनाचा दावा वांग फेंग, काय योंग व गू बाओचांग यांनी २०१३ मध्ये याच आधारावर अग्राह्य ठरवला. अमर्त्य सेन यांनी केलेली केरळशी तुलना तर सर्वश्रुत आहे : १९७९ मध्ये चीन २.८ आणि केरळ ३.०, १९९१ मध्ये चीन २.० आणि केरळ १.८. पुढे चीनने २०१६ मध्ये दोन आणि २०२१ मध्ये तीन अपत्यांना मुभा दिली. २०१६ मध्ये तेथे सुमारे १ कोटी ७९ लाख बालके जन्मली होती, २०२३ मध्ये सुमारे ९० लाख. तोटी उघडली, पाणी आले नाही.

उलट दिशेची सक्ती रुमानियाने करून पाहिली. ऑक्टोबर १९६६ च्या ७७० क्रमांकाच्या फर्मानाने गर्भपातावर जवळजवळ बंदी आली आणि जननदर एका वर्षात १.९ वरून ३.७ वर गेला. शासकीय धोरणाचा इतका तत्काळ परिणाम इतिहासात दुर्मीळ आहे. पण लोकांनी लवकरच पर्यायी मार्ग शोधले, १९८० च्या दशकात जननदर पुन्हा दोनच्या आसपास आला, आणि उरले ते असुरक्षित गर्भपातांमुळे वाढलेले मातामृत्यू. मूल्यमापन १९६८ मध्ये केले असते तर धोरण यशस्वी ठरले असते.

इच्छा, वेळ आणि सोय

लँट प्रिचेट यांनी १९९४ मध्ये असा युक्तिवाद केला की, देशादेशांतील जननदराच्या फरकाचे सुमारे नव्वद टक्के स्पष्टीकरण स्त्रियांना हव्या असलेल्या अपत्यसंख्येतच मिळते. साधनांच्या उपलब्धतेला त्यात फारसे स्थान नाही. हा युक्तिवाद आकर्षक आहे, पण तो पूर्ण स्वीकारण्यास बांगलादेशातील मतलब येथील प्रयोग आडवा येतो. १९७७ पासून तेथील सुमारे सत्तर गावांत प्रशिक्षित स्त्री कार्यकर्त्यांनी घरोघरी नियमितपणे जाऊन साधने, सल्ला व पुढे माता-बालआरोग्याच्या सेवा पुरवल्या. तितक्याच शेजारच्या गावांत केवळ नेहमीची शासकीय व्यवस्था राहिली. शेजारच्या गावांतही जन्म घटलेच, परंतु सेवा मिळालेल्या गावांत जननमान त्यांच्यापेक्षा सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी राहिले. येथे कोणाचे पद गेले नाही, कोणाला शिबिरात नेले नाही. ज्यांना मूल नको होते पण उपाय हाताशी नव्हता, त्यांना तो मिळाला. धोरणाचा परिणाम निःसंदिग्धपणे दाखवता येतो असे हे बहुधा सर्वांत भक्कम उदाहरण असावे, आणि त्याचा भक्कमपणा तुलनेची गावे आधीच ठरवली होती यात आहे.

आपल्याकडे अशी संधी आली होती. सातारा जिल्हा परिषदेने २००७ मध्ये नवविवाहित जोडप्यांसाठी एक योजना सुरू केली. वृत्तपत्रांनी तिला 'दुसरा मधुचंद्र' म्हटले. पहिले अपत्य दोन वर्षे लांबवणाऱ्या जोडप्यास ५,००० रुपये आणि तीन वर्षे लांबवणाऱ्यास ७,५०० रुपये. सक्ती नाही, अपमान नाही. कल्पना स्वागतार्ह होती. परंतु योजना सर्व जिल्ह्यात एकदमच लागू झाली आणि नाव नोंदवणारे स्वेच्छेने आले. जे एरवीही थांबणारच होते तेच आले असतील, तर ही रक्कम म्हणजे निर्णयाचे कारण न राहता निर्णयाचे बक्षीस ठरते. नाव न नोंदवणाऱ्या तशाच जोडप्यांची माहिती हाती असल्याशिवाय यातील भेद कळणे शक्य नाही. शिवाय अपत्य लांबवणे म्हणजे अपत्य कमी होणे नव्हे. स्वीडनने दोन बाळंतपणांतील अंतर कमी राखणाऱ्या मातांना रजावेतनात सवलत दिली, तेव्हा १९९० पर्यंत जननदर २.१ वर गेला व १९९९ मध्ये १.५ वर उतरला. जन्म पुष्कळसे नवे नव्हते, अलीकडे ओढलेले होते. साताऱ्यात ते पलीकडे ढकलले जात होते. आईच्या प्रकृतीसाठी हे हितकारकच आहे. योजनेची शिफारस त्या कारणासाठी करावी, लोकसंख्येच्या कारणासाठी नको.

महाराष्ट्रातील अटीपुरते बोलावयाचे तर पुरावा गोळा करणे आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. सदस्याच्या अपात्रतेच्या तक्रारीवर ग्रामपंचायत अधिनियमानुसार जिल्हाधिकारी निर्णय देतात. ते आदेश लेखी असतात. त्यांतून किती स्त्रिया व कोणत्या राखीव जागांवरील सदस्य पदे गमावतात हे मोजता येते. जन्मनोंदणीच्या अर्जात बालकाचे लिंग आणि ते मातेचे कितवे जिवंत अपत्य, हे दोन्ही असते. एखाद्या तालुक्यातील २००१ च्या आधीच्या व नंतरच्या नोंदी घेऊन, तिसऱ्या अपत्यांचे प्रमाण किती बदलले आणि दुसऱ्या अपत्यांत मुलींचे प्रमाण किती बदलले, असे दोन तक्ते करावयाचे आहेत. महाविद्यालयीन अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि संख्याशास्त्र विभागांनी एकत्र बसून एका शैक्षणिक वर्षात होण्याजोगे हे काम आहे. पहिला तक्ता शासनाला दाखवायला आवडेल. दुसरा त्याच्या शेजारी, त्याच पानावर छापला गेला पाहिजे.